प्रकरण अकरावे : उलटी कानस

तो तुकडा कुणाच्या घरचा आहे हे आत्याला त्याच्या मागचा नंबर बघण्याआधीच कळलं, आणि तिथेच पंचाईत झाली.

सकाळचे साडेनऊ झाले होते. तपासणीच्या टेबलाशी तिची तरुण सहपरीक्षक बोटभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी घेऊन उभी होती. “मॅडम, हा एका रोबॉटच्या पंजाचा भाग आहे. बाकी सगळ्यांचे सुटे भाग मशीनवर कापून आलेत. हा हाताने घासलाय. इतकी सफाई तेरा वर्षांच्या मुलांच्या हातात असेल असं मला नाही वाटत. घरातल्या कुणीतरी मोठ्याने करून दिलंय.”

आत्याने पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड सरळ होती, गुळगुळीत होती, आणि अगदी टोकाला मोहरीच्या दाण्याएवढी गोलाई होती. अशी गोलाई एकाच घरात निघायची.

आत्याचे वडील कुलपं बनवायचे. तरुणपणी त्यांचा उजवा अंगठा प्रेसखाली सापडला, तेव्हापासून त्यांना कानस पुढे ढकलता येईना. मग त्यांनी ती उलटी धरली, मूठ पलीकडे आणि टोक स्वतःकडे, आणि ढकलायच्या ऐवजी ओढायला लागले. अशी ओढलेली कानस शेवटाला जराशी घसरते, म्हणून ती गोलाई. त्यांच्या हाताखाली दादा शिकला. दादाचे दोन्ही अंगठे ठणठणीत, तरी तोही कानस उलटीच धरायचा, कारण कानस अशीच धरतात अशी त्याची ठाम समजूत होती. विसाव्या वर्षी तो पहिल्यांदा दुसऱ्या कारखान्यात कामाला गेला आणि घरी येऊन म्हणाला, तिथे सगळेच चुकीचं घासतात. वडील दोन दिवस हसत होते.

आत्याने पट्टी उलटी केली. मागे संघाचा क्रमांक चिकटवलेला होता, एकशे बारा. एकशे बारा म्हणजे भिंगरीचा संघ. भिंगरी म्हणजे दादाची नात, आत्याच्या एकुलत्या एका भाच्याची मुलगी. घरच्यांचं यंत्र आपण तपासायचं नाही म्हणून आत्याने ते मुद्दाम दुसरीकडे पाठवलं होतं. ते फिरून परत तिच्याच टेबलावर आलं.

“चौथा नियम ना, मॅडम?” सहपरीक्षकेने विचारलं.

“बघते मी,” आत्या म्हणाली. “अकरा वाजेपर्यंत सांगते.”

चौथा नियम आत्याचाच होता. तीस वर्षांपूर्वी तिने तो शाळेच्या व्यायामशाळेत फळ्यावर खडूने लिहिला होता : यंत्राला मोठ्यांचा हात लागता कामा नये.

काय दिवस होते ते. तेव्हा याला रोबॉट स्पर्धा म्हणायचंही कुणाला सुचलं नव्हतं. आत्या भौतिकशास्त्र शिकवायची आणि मुलं घरचे रेडिओ उघडून ठेवतात अशा तक्रारी घेऊन पालक तिच्याकडे यायचे. तिने ठरवलं, उघडताहेत तर उघडू देत, एक दिवस सगळ्यांनी मिळून उघडूया. नऊ यंत्रं आली. टेबल-टेनिसची दोन टेबलं जोडून मैदान केलं होतं आणि खडूने रेघा मारल्या होत्या. प्रत्येक यंत्राला मागे वायरीची शेपूट, शेपटीच्या टोकाला बटणांची डबी आणि डबीला चिकटलेलं एक घामाघूम पोर. एकाने गाडीच्या काचा पुसायची मोटर लावली होती, ती सुरू झाली की यंत्र जागच्या जागी मान हलवायचं. एकाचं यंत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत मागे मागेच गेलं. तो छातीठोकपणे म्हणाला, हेच त्याचं पुढे आहे. परीक्षक म्हणून दुसरं कुणी येईना, तेव्हा आत्याने गाण्याच्या बाईंना बसवलं. त्यांनी गुण देताना मोटरचा आवाज सुरात आहे का तेही बघितलं.

आणि आता हे सभागृह. चार दालनं, साडेतीनशे संघ. सगळ्यांना एकसारखे रंगीत टी-शर्ट, चाकांच्या पेट्या, गळ्यात ओळखपत्रं. वायरीची शेपूट कधीच गळून पडली होती. यंत्रं आता स्वतःच रेघ ओळखायची, स्वतःच ठोकळा उचलायची, आणि अडली की मुलं स्क्रू-ड्रायव्हर शोधायच्या ऐवजी लॅपटॉप उघडायची. आत्याला याचं वाईट वाटायचं असं नाही. तिनेच लावलेलं रोप होतं. पण दरवर्षी तपासणीच्या सकाळी या दालनांमधून फिरताना तिला घासलेल्या धातूच्या किसाचा वास आठवायचा, आणि तो इथे कुठेच यायचा नाही.

आज त्या पट्टीला तो वास होता.

नऊ यंत्रांमधलं एक तिच्या भाच्याचं होतं, हे मात्र आत्या कुणाला सांगत नसे. तो तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या यंत्राला वस्तू ओढायला एक पितळी आकडा होता. आत्याने आकड्यावरून अंगठा फिरवला, गोलाई लागली, आणि तिने सगळ्यांच्या देखत विचारलं, हे कुणी केलं? तो म्हणाला, मी. आत्या म्हणाली, खोटं बोलू नकोस, मला माझ्या भावाचा हात कळतो. यंत्र बाद झालं. संध्याकाळी दादा दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मी हात लावलेला नाही. आत्या म्हणाली, माझा अंगठा खोटं सांगत नाही. तो आल्या पावली परत गेला, आणि नऊ वर्षं भाऊ-बहीण एकमेकांच्या घराची पायरी चढले नाहीत. पुढे आईच्या आजारपणात वहिनींनी मध्ये पडून सगळं सांधलं. पण त्या आकड्याचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. तो निघू नये याची सगळेच काळजी घ्यायचे.

आता पट्टी आत्याच्या हातात होती आणि दोनच वाटा होत्या. गप्प बसायचं, तर ज्या नियमासाठी तीस वर्षांपूर्वी आपल्याच भाच्याला रडवलं त्याला काही अर्थ उरत नव्हता. बाद करायचं, तर दादा अडुसष्ट वर्षांचा आणि आपण साठीच्या. आणखी नऊ वर्षांचा अबोला धरायला दोघांकडे आता तेवढा वेळ कुठे होता? तिला मनापासून भीती वाटली.

एकशे बारा क्रमांकाचं टेबल खिडकीशी होतं. दादा घडीच्या खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. शेजारी पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि वहिनी. भाचा मागे भिंतीला टेकून उभा होता. तो आता दातांचा डॉक्टर होता आणि घरातही सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. भिंगरी आणि तिचे दोन सोबती यंत्रावर वाकले होते, आणि पंजा नसल्यामुळे यंत्र बिचारं थोटं दिसत होतं.

“झाली का तपासणी?” वहिनींनी विचारलं. मग त्यांना आत्याचा चेहरा दिसला. “काय झालं, वन्सं?”

आत्याने पट्टी टेबलावर ठेवली. “हे तपासणीत अडकलंय.”

दादाने पट्टी उचलली. त्याने डोळ्यांनी बघितलंच नाही, अंगठा फिरवला. अंगठा टोकाशी थांबला. मग त्याने पट्टी हळूच खाली ठेवली.

“परत तेच?” तो म्हणाला.

“मी काही म्हणाले का अजून?”

“म्हणायचं काय राहिलंय? तुझ्या तोंडावर लिहिलंय सगळं. मी हात लावलेला नाही. तेव्हाही लावला नव्हता, आत्ताही नाही. तीन महिने पोरं माझ्याच शेडमध्ये काम करत होती, हे खरं. पण मी बाहेर खुर्ची टाकून बसायचो. विचार हिला.”

“बसायचे,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी आत्याला कोपराला धरून जरा बाजूला घेतलं. आवाज खाली केला, पण तो काही फारसा खाली झाला नाही. “वन्सं, जाऊ द्या ना एवढ्या वेळी. त्यांचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. कुठे खरखरीत कड दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. मुलं घरी गेल्यावर गेले असतील आत. मुद्दाम नाही केलं, राहवलं नसेल. त्या वेळीही तसंच झालं होतं. मी काही बोलले का कुणाला?”

दादाची मान झटकन वळली. “त्या वेळी काय झालं होतं?”

वहिनींनी आत्याचं कोपर सोडलं.

“म्हणजे तूसुद्धा?” दादा म्हणाला. “ही एक म्हणते ते ठीक आहे, ती परीक्षक आहे. तू चाळीसहून जास्त वर्षं माझ्या ताटाला ताट लावून जेवतेस, आणि तुला वाटतं तो आकडा मी केला?”

“मग कुणी केला?” वहिनींचाही संयम संपला. “बारा वर्षांचं पोर असं करेल का? मी तुमची बायको आहे म्हणून तोंड मिटून बसले. बाहेर सगळ्यांना सांगितलं, आमचे हे कध्धी खोटं बोलत नाहीत. मनातून मला माहीत होतं.”

इतकी वर्षं दादा बहिणीवर रुसून बसला होता, आणि शंकेखोर माणूस घरातच, उशाशी निघालं. आत्याला एरवी हसू आलं असतं. आता तिला वहिनींची दया आली आणि दादाची त्याहून जास्त.

“आजोबांनी काही केलेलं नाही,” भिंगरी म्हणाली. तिने यंत्रावरून मान वर काढली होती. “मी केलंय.”

शब्द तेच होते. व्यायामशाळेत भाचाही एवढाच होता, याच उंचीचा, शर्टाच्या बाहीने नाक पुसत उभा. आत्याने डॉक्टरकडे बघितलं. तो भिंतीला टेकून खाली जमिनीकडे बघत होता.

दुसऱ्या वर्षी आत्याने नियमावलीत एक ओळ वाढवली होती : शंका आल्यास परीक्षकाने मुलाकडून काम समोर करून घ्यावे. ही ओळ का घातली, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कितीतरी मुलांना तिने त्या ओळीच्या आधाराने वाचवलं होतं. पहिल्या वर्षी ती ओळ नव्हती.

“करून दाखवशील?” तिने विचारलं.

“आत्ता?”

“आत्ता. माझ्यासमोर आणि या बाईंसमोर.” तिने हात करून सहपरीक्षकेला बोलावलं.

“दाखवते की,” भिंगरी म्हणाली. “पण आजोबांना लांब बसवा. ते शेजारी असले की मला घाम फुटतो.”

दादा खरंच उठून चार पावलं मागे गेला. हातांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागे एकात एक अडकवले.

भिंगरीने पेटीतून छोटा व्हाइस काढला, टेबलाच्या कडेला कसला आणि पट्टीचा एक उरलेला तुकडा त्यात धरला. कापलेली कड ओबडधोबड होती, हात कापेल अशी. तिने कानस घेतली आणि हातात फिरवली. मूठ पलीकडे गेली, टोक तिच्याकडे आलं.

“ही उलटी धरतेय,” सहपरीक्षक आत्याच्या कानाशी म्हणाली. “सांगू का तिला?”

“नको. तिला ठाऊक आहे.”

मग कानस ओढल्याचा आवाज सुरू झाला, लांब, सावकाश, मध्ये श्वास घेतल्यासारखा थांबणारा. आत्याने डोळे मिटले. शेडचं पत्र्याचं छप्पर, वडिलांच्या चष्म्यावर बसलेला पितळेचा भुगा, दुपारच्या उन्हात आईने वाळत घातलेले कपडे, आणि शेजारच्या व्हाइसवर दादा, तेव्हा मिसरूडही न फुटलेला, जीभ दातांत धरून घासणारा. संपूर्ण बालपण तिने या आवाजात अभ्यास केला होता. आवाज थांबला की जेवायची वेळ झाली असं समजायचं. तिला भडभडून आलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही.

आठ मिनिटांनी भिंगरीने तुकडा सोडवून तिच्या हातात दिला. आत्याने अंगठा फिरवला. टोकाशी गोलाई होती, मोहरीच्या दाण्याएवढी, जिथे असायची तिथे. तिने तुकडा सहपरीक्षकेला दिला. ती तो आधीच्या पट्टीशेजारी धरून बघत राहिली आणि म्हणाली, “एकच हात आहे, मॅडम. मी चुकले.”

“तू विचारलंस ते बरोबर केलंस,” आत्या म्हणाली. मग भिंगरीला विचारलं, “आजोबा बाहेर बसायचे, तर तुला शिकवलं कुणी?”

“बाबांनी.”

“कुणी?” दादाने मागून विचारलं.

“बाबांनी. दवाखान्यात, रविवारी. आधी प्लास्टरच्या दातांवर शिकवलं, मग पत्र्यावर. घरी सांगू नकोस म्हणाले. आजोबांना कळलं तर ते तुझ्या हातातून कानस काढून घेतील आणि स्वतःच करत बसतील, असं म्हणाले.”

वहिनी नको त्या वेळी हसल्या आणि मग त्यांनी तोंडावर पदर धरला.

सगळ्यांच्या नजरा भिंतीकडे वळल्या. डॉक्टरने आयुष्यात कधी हातात कानस धरली नव्हती, असं घरात सगळ्यांनाच वाटायचं. त्याला ते जमतच नाही, असंही दादा लोकांना सांगायचा.

“तुला कधीपासून येतं?” आत्याने विचारलं. उत्तर तिला कळून चुकलं होतं, तरी तिला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकणं भाग होतं.

“बारा वर्षांचा होतो तेव्हापासून,” डॉक्टर म्हणाला. “ती सगळी सुट्टी मी हेच करत होतो. बाबा दुपारी झोपले की शेडमध्ये जायचो. बिघडलेल्या किल्ल्या टाकलेला डबा होता, त्यातल्या सगळ्या संपवल्या. स्पर्धेच्या दिवशी बाबांना दाखवून चकित करायचं होतं.”

“तू सांगितलं होतंस,” आत्या म्हणाली.

“सांगितलं होतं.”

दादा परत पुढे आला होता. त्याचे हात अजून पाठीमागेच होते. “मला नाही सांगितलंस.”

“सांगितलं, बाबा. घरी आल्यावर सांगितलं. तुम्ही तो आकडा हातात घेतला, उजेडात धरला आणि काहीच बोलला नाहीत.”

दादा म्हणाला, “काय बोलणार? तो आकडा बघून मलाच शंका यायला लागली होती. म्हटलं, मीच कधीतरी करून ठेवला होता आणि विसरलो. पोराने उचलून लावला असेल. बहिणीशी भांडलो ते भांडलो, पण माझं मलाच खात्रीने सांगता येईना.”

म्हणजे त्या दिवशी साऱ्या घरात त्या मुलाचा शब्द धरून चालणारं एकही माणूस नव्हतं. आत्याने बाद केलं, वहिनींनी नवऱ्यावर आळ घेतला, दादाने स्वतःवर. मग सगळे नऊ वर्षं एकमेकांवर रुसले, आणि ज्याचं काम होतं त्याला कुणी काही विचारलंच नाही.

आत्या सहपरीक्षकेकडे वळली. तिला हे कुणा तिऱ्हाइतासमोरच म्हणायचं होतं, घरातल्या घरात मिटवायचं नव्हतं. “पहिल्या वर्षी मी एका मुलाचं यंत्र बाद केलं होतं. त्याचा आकडा वडिलांनी केला असं म्हणून. तो त्याने स्वतः केला होता. आणि मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा ठरवलं. चूक माझी होती. हा बघ, तो मुलगा हा इथे उभा आहे.”

सहपरीक्षकेला कुठे बघावं ते कळेना. डॉक्टरने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“खूप रडलो होतो त्या दिवशी,” तो म्हणाला. “तुझा रागही खूप वर्षं होता, आत्या, खोटं कशाला सांगू? पुन्हा कानस धरावीशी वाटली नाही. काहीही केलं तरी तुम्ही म्हणणार, बाबांनी केलं. मग दातांकडे वळलो. म्हटलं, तिथलं बाबांना काही कळत नाही.”

दादाच्या घशातून हुंदका आला की हसू, ते कळलं नाही.

“पण एक गोष्ट मी कुणाला कधी बोललो नाही,” डॉक्टर म्हणाला. “त्या दिवशी रडता रडता मी एकीकडे मनातून फार खूश होतो. तुला तो बाबांचा वाटला.”

आत्याने त्याच्या गालाला हात लावला, बारा वर्षांच्या मुलाला लावावा तसा, आणि तो चाळीस उलटलेला माणूस मान खाली घालून उभा राहिला.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून पहिल्या फेरीचे क्रमांक सांगायला सुरुवात झाली. एकशे बारा त्यांत तिसरा होता. “सरका, सरका,” भिंगरी म्हणाली. पंजा एव्हाना जागेवर बसला होता, तिचे दोन्ही सोबती यंत्र उचलून निघाले होते, आणि मोठ्यांचं जे काही चाललं होतं ते आता त्यांच्या वाटेत येत होतं.

आत्याने तपासणीच्या कागदावर एकशे बारासमोर ‘मान्य’ लिहिलं, खाली सही केली. मग गळ्यातलं मुख्य परीक्षकाचं ओळखपत्र आणि शिट्टी काढून सहपरीक्षकेच्या हातात ठेवली.

“ही फेरी तू बघ.”

“मी? पण मॅडम, मैदानावर तर नेहमी तुम्हीच उभ्या असता.”

“ते माझ्या घरचं यंत्र आहे,” आत्या म्हणाली.

तीस वर्षांत ती एकदाही प्रेक्षकांच्या बाजूला गेली नव्हती. मैदानाला लागून खुर्च्यांच्या रांगा होत्या, पालकांनी गच्च भरलेल्या. दुसऱ्या रांगेत वहिनी आणि डॉक्टर आधीच जाऊन बसले होते. दादाही बसला होता, आणि त्याने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली होती. आत्या रांगेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. दादाने तिच्याकडे बघितलं. मग त्याने पिशवी उचलून मांडीवर घेतली.